लेकरांकडून विकत घेऊ नका

कंबोडिया-व्हिएतनामची सहल करून आलेल्या एका गृहस्थांनी अलीकडेच नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यात चारचौघांना बोलावून प्रवासाचे फोटो दाखवले. अंगकोर वाटची शिल्पं डोळ्यांचं पारणं फेडणारी होती. मधेच एक फोटो आला आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा. गळ्यात अडकवलेली टोपली, टोपलीत फ्रिजला लावायचे चुंबक, दोऱ्याच्या बांगड्या, पोस्टकार्डं. गृहस्थ त्या फोटोवर थांबले आणि मनापासून बोलले. ही मुलगी भीक मागत नाही, कष्टाचं खाते, म्हणून आम्ही तिच्याकडून मूठभर वस्तू घेतल्या. तिच्या कष्टाचा तो मान आहे. हात पसरणाऱ्या मुलांना मात्र आम्ही दमडी दिली नाही, कारण त्यांच्यामागे टोळ्या असतात. आणि आपल्याकडे आता असलं काही राहिलं नाही, याचं समाधान वाटलं. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "आम्हीबी लहानपणी मागाच्या कांड्या भरल्या, आमचं काय बिघडलं?"

बोलणारे सज्जन आहेत. खिशातला पैसा त्यांनी त्या मुलीसाठी काढला, यात दिखावा नव्हता. पण त्यांनी मांडलेलं जवळजवळ सगळंच चूक आहे. आणि ही चूक त्यांच्या एकट्याची नाही. परदेशी जाऊन येणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी हेच ऐकू येतं, म्हणून त्याचा जाहीर प्रतिवाद व्हायला हवा.

त्या मुलीपासूनच सुरुवात करू. अंगकोरच्या मंदिरांची देखभाल करणाऱ्या अप्सरा प्राधिकरणाने २०१५ साली पर्यटकांसाठी आचारसंहिता काढली. देवळात अंग झाकून जावं, शिल्पांना हात लावू नये, या सूचनांच्या बरोबरीने तिथे आणखी एक सूचना आहे: मुलांकडून वस्तू घेऊ नका, त्यांना पैसे किंवा गोळ्या-चॉकलेट देऊ नका, त्यामुळे ती शाळा सोडून भीक मागू लागतात. विकणं आणि मागणं हे दोन्ही त्या लोकांनी एकाच वाक्यात घातलं, कारण रोज डोळ्यांसमोर काय घडतं ते त्यांना ठाऊक आहे. तेच चुंबक देवळाबाहेरच्या दुकानात मोठी बाई विकत असते. तिच्यासमोरून आपण सरळ निघून जातो. मुलीसमोर थांबतो, कारण ती आठ वर्षांची आहे, गोड हसते आणि मोडक्यातोडक्या भाषांमधून किमती सांगते. म्हणजे आपण चुंबकाचे पैसे देत नाही, तिच्या आठ वर्षांच्या वयाचे देतो. मग घरचं माणूस काय विचार करणार? आईच्या टोपलीपेक्षा पोरीची टोपली लवकर रिकामी होते, तर टोपली पोरीच्याच गळ्यात राहणार. हे गणित तिच्या आईने मांडलेलं नाही, आपण गिऱ्हाइकांनी मांडलं आहे. ती पंधरा वर्षांची झाली की तिच्याकडे कुणी वळून पाहणार नाही. तेव्हा तिच्या हाती किंमत सांगण्यापुरतं इंग्रजी उरेल आणि शाळेची वेळ निघून गेलेली असेल. तिची धाकटी बहीण तोवर टोपली घ्यायला तयार झालेली असेल.

विकणारं मूल मानी आणि मागणारं मूल लबाड, ही विभागणी तर जागेवर टिकतच नाही. नागपूरच्या सिग्नलवर जरा उभं राहून बघावं. पंधरा ऑगस्टच्या आधी मूल कागदी झेंडे विकतं. झेंडे संपले की पेन, फुगे. फुग्यांचा माल आणायला पैसा नसला की फडकं घेऊन गाडीची काच पुसतं. फडकं हरवलं की हात पसरतं. मूल तेच, सिग्नल तोच, भूक तीच. यातल्या कोणत्या दिवशी त्याला कष्टाळू म्हणायचं आणि कोणत्या दिवशी टोळीवाला?

टोळ्या नसतात असं मी म्हणत नाही. अंगकोरजवळच्या सिएम रीपला कडेवर तान्हं घेतलेली बाई पर्यटकाला म्हणते, पैसे नकोत, बाळाला दुधाची पावडर घेऊन द्या. आणि तो गेला की तोच डबा दुकानदाराला परत जातो, ही हकिगत अनेक प्रवाशांनी लिहून ठेवली आहे. आपल्याकडेही मुलाला भिकेला लावणारे लोक आहेत, म्हणून तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७६व्या कलमात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. मुलाचा अवयव तोडला किंवा त्याला अपंग केलं तर किमान सात वर्षं. पण टोळीची खात्री असलेला माणूस करतो काय? काच वर घेतो. खरंच वाटत असेल की या लेकराला कुणी गुलाम करून ठेवलंय, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक फिरवायला एक मिनिट लागतं. तो फिरवणारे किती? टोळीची ही गोष्ट बहुतेक वेळा मुलाला सोडवण्यासाठी सांगितली जात नाही. न देण्याचा संकोच वाटू नये, म्हणून ती सांगितली जाते.

आता 'आपल्याकडे राहिलं नाही' या समाधानाकडे वळू. मार्च २०२३ मध्ये नागपुरात जी-२० अंतर्गत नागरी संस्थांच्या सी-२० परिषदेसाठी देशोदेशीचे पाहुणे यायचे होते. भिंती रंगल्या, झाडांवर दिवे लागले, आणि पोलीस आयुक्तांनी कलम १४४ खाली आदेश काढून चौकात, सिग्नलवर भीक मागायला बंदी केली. रस्त्यावर दांडगाई करून पैसे उकळणाऱ्यांचा लोकांना त्रास होता हे खरं. पण पाहुणे यायच्या तोंडावर जी माणसं नजरेआड झाली, त्यांत आईबापांबरोबर फुटपाथवर राहणारी लेकरंही होती. कायद्याच्या भाषेत भीक मागताना सापडलेलं मूल गुन्हेगार ठरत नाही. ते काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल ठरतं आणि त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची दिल्लीत लागू असलेली बरीच कलमं रद्द केली. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवण्याचा आदेश द्यायला नकार दिला; भीक मागणं हा दारिद्र्याचा प्रश्न आहे, असं न्यायालयाने सांगितलं. तेव्हा परदेशी पाहुण्याला आपल्या नागपुरात सिग्नलवर मूल दिसलं नाही, म्हणून त्याने मायदेशी जाऊन 'नागपुरात असलं काही नाही' असं सांगितलं, तर ते जितकं खरं, तितकंच आपलं 'आपल्याकडे राहिलं नाही' हे खरं.

कारण आपल्याकडे ते आहे, आणि खाप्यापासून फार लांब नाही.

मी या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. कपाशीतली सीतादहीची पूजा झाली, पहिली वेचणी सुरू झाली की वर्गाचं हजेरीपत्रक बदलायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडायची आणि काही नावांपुढे गैरहजेरीची रांग लागायची, ती पार संक्रांतीपर्यंत. त्यात मुलींची नावं जास्त. घरी गेलं की दार बंद, शेजारी सांगायचे वावरात गेले. वावरात गेलं की माय कपाळावर पदर ओढून उभी राहायची. "कापूस सरला का धाडतो जी गुरुजी." तिच्या पलीकडे माझी विद्यार्थिनी, कमरेला ओटी बांधलेली, वाकून खालची बोंडं वेचत असलेली. खालच्या बोंडांपर्यंत लहान हात सहज जातात, मोठ्यांची कंबर धरते. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात, ती नखांच्या कडेला घुसतात. शाळेत परत आल्यावर अशा मुली पेन्सिल आडवी धरायच्या, कारण बोटाच्या टोकाने धरली की दुखायचं. अक्षर बिघडलं म्हणून त्यांना बोलणी बसायची.

हे शेतकऱ्याने मुद्दाम बालमजूर ठेवला म्हणून होत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. वेचाईचा हिशेब किलोवर असतो. संध्याकाळी काट्यावर ओटी जाते ती मायच्या नावाने. पोरीचं नाव कुठेच लिहिलं जात नाही. शेतकरी शपथेवर सांगेल की माझ्या वावरात एकही लेकरू कामाला नाही, आणि कागदावर ते खरं असेल. एका बाईच्या वेचाईत घर भागत नाही आणि दोघींच्या वेचाईत कसंबसं भागतं, एवढ्याच जागेत ते लेकरू अडकलेलं असतं.

वीटभट्टीचीही तीच रीत. हजार विटांमागे दर ठरतो, उचल नवरा-बायको मिळून घेतात, आणि उन्हात मांडलेल्या विटा पलटायला, वाळलेल्या उचलून रचायला पोरं. ती कुणाच्याच हजेरीवर नाहीत. भट्टीपाशी माणसं येतात ती भंडारा, गोंदियापासून छत्तीसगडपर्यंतची. कापसाला आणि संत्र्याला सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातली. पावसाळ्यानंतर गाव सुटलं की शाळाही सुटते. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संघटनेने भट्टीवरच, मजुरांच्या भोंग्यांशेजारी, म्हणजे झोपड्यांशेजारी, शाळा उभ्या केल्या, त्यांना भोंगा शाळा म्हणत. शाळेने मुलाच्या मागे जायचं असतं, एवढी साधी गोष्ट त्यांनी करून दाखवली. आमच्या भागात अशी शाळा मी पाहिली नाही.

आकडे हवे असतील तर २०११ च्या जनगणनेत देशातली ५ ते १४ वयाची १ कोटीहून अधिक मुलं काम करताना नोंदली गेली. त्यानंतरची जनगणना लांबत गेली. जगाचा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांनी २०२५ च्या जूनमध्ये दिला: ५ ते १७ वयाची १३ कोटी ८० लाख मुलं बालमजुरीत, आणि त्यांतली ६१ टक्के शेतीत. प्रवाशाच्या वाटेवर येतं ते पोस्टकार्ड विकणारं मूल. वावरातलं मूल कुठल्याच सहलीच्या कार्यक्रमात येत नाही. फोटो त्याचा निघत नाही, म्हणून भाषणात ते नसतं.

आता त्या वयस्क गृहस्थांच्या कांड्यांबद्दल. हे उत्तर मी आदराने देतो, कारण खाप्याच्या कोष्टी घरांनी या गावाला नाव दिलं. मागाच्या खड्ड्यात बाप बसलाय, आजी सूत उकलतेय आणि पोर रहाटावर कांड्या भरतंय, हे चित्र गावातल्या जुन्या माणसांनी जगलेलं आहे. त्यात माया होती, कसब होतं, हे मला मान्य आहे. पण "आमचं काय बिघडलं" हे सांगायला आज कोण उभं आहे? जे कांड्या भरून शाळेतही गेले ते. मास्तर झाले, एस.टी.त लागले, खाणीत बाबू झाले. ज्यांची शाळा कांड्यांपायी चौथीत सुटली, त्यांच्या हाती यंत्रमागाने हातमाग मोडल्यावर दुसरं काही उरलं नाही. ते नागपूर-कामठीच्या यंत्रमागांवर गेले, हमालीला गेले, कुणी रिक्षा ओढली. त्यांना सभेत उठून बोलायची सवय नाही. बिघडलं ते त्यांचं, आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही.

हाच युक्तिवाद पूर्वी खाणींबद्दलही होत असे. खाप्याच्या परिसरात मँगनीज निघू लागलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला; त्या काळात म्हणत: माय दगड फोडते, पोरगं जवळ बसून निवडतं, त्यात काय मोठं? १९२३ च्या खाण कायद्याने तेरा वर्षांखालच्या मुलांना खाणीत कामाला ठेवायला बंदी केली, आता ती मर्यादा अठरा वर्षांची आहे. कामगारांची स्थिती पाहणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात विडीसारख्या उद्योगांत पाच-पाच वर्षांची मुलं दिवसाचे दहा-बारा तास राबताना नोंदवली, तेव्हाही घरचं काम, हाताला वळण, असंच समर्थन होतं. आज खाणीत मूल दिसलं तर खाप्यातला कुणीही माणूस संतापेल. त्या संतापाच्या आड शंभर वर्षांपूर्वी नेमकी हीच 'काय बिघडलं'ची भिंत होती.

म्हणूनच बालमजुरी कायद्याची २०१६ ची दुरुस्ती मला अर्धी वाटते. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात ठेवायला तिने बंदी केली, हे फार चांगलं झालं. पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात मदत चालेल, अशी सूट ठेवली. कुटुंबात आईबाप, भावंडं आणि काका, मामा, आत्या, मावशीही धरले. वावरात किंवा भट्टीवर निरीक्षक पोचलाच, तर मायने "माझंच आहे, मदत करते" म्हटलं की तो पुढे काय करणार? मजुरी किलोवर किंवा हजारावर ठरत असेल तर मजुराचं सगळं घर हाच मालकाचा कारखाना होतो, आणि कायदा त्या घराच्या उंबऱ्यावर थांबतो. भारताने जून २०१७ मध्ये किमान वय आणि बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार यांबद्दलचे दोन्ही आंतरराष्ट्रीय करार स्वीकारले. ते पाळायचे तर ही सूट मागे घेतली पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे, आणि त्याला बगल देणं अप्रामाणिकपणाचं होईल. विकत घेणं थांबवलं तर त्या मुलीच्या घरी चूल कशी पेटणार? १९९२-९३ साली अमेरिकेत, मुलांनी बनवलेला माल आयात करू नये असं विधेयक आलं. त्याच्या नुसत्या धास्तीने बांगलादेशातल्या कापड कारखान्यांनी सुमारे पन्नास हजार मुलांना काढून टाकलं. ती मुलं शाळेत गेली नाहीत. युनिसेफने नंतर लिहिलं की त्यांतली बरीच दगड फोडायला, रस्त्यावर, काही वेश्याव्यवसायात गेली. हे खरं आहे, आणि बहिष्काराचे झेंडे घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षात ठेवावं. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९९५ मध्ये तिथल्या कारखानदारांच्या संघटनेने श्रम संघटना आणि युनिसेफबरोबर करार केला. उरलेल्या मुलांसाठी शाळा उघडल्या, बुडालेल्या मजुरीपोटी घरी विद्यावेतन दिलं, आणि जागा शक्यतो त्याच घरातल्या मोठ्या माणसाला दिल्या. म्हणजे नुसतं काढून टाकण्याने मूल खड्ड्यात जातं. शाळा, घरी पैसा आणि मोठ्याला काम या तिन्ही गोष्टी एकदम दिल्या तर ते बाहेर येतं. अंगकोरच्या देवळासमोर आपल्या हाती यातलं एवढंच असतं: तोच पैसा शेजारच्या दुकानातल्या बाईला द्यावा. मोठ्यांची टोपली लवकर रिकामी होऊ द्यावी. मुलीशी हसून बोलावं, पण घेऊ नये. आणि अनाथाश्रमाच्या फेरीचा आग्रह झाला तर जाऊ नये. कंबोडियात अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील जिवंत असल्याचं तिथल्या पाहण्यांत आढळलं आहे. पर्यटक येतात म्हणून आश्रम भरतात.

गरिबी आहे तोवर हे राहणारच, असंही त्या संध्याकाळी कुणीतरी पुटपुटलं. शेजारच्या तेलंगणात, पूर्वीच्या आंध्रातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा आणि एम. व्ही. फाउंडेशनने या म्हणण्याला कामातून उत्तर दिलं. शाळेबाहेरचं प्रत्येक मूल हे बालमजूरच, ते घरी राबो, वावरात राबो की कारखान्यात, अशी भूमिका त्यांनी घेतली. मोठी झालेली, कधी शाळेत न गेलेली मुलं निवासी शिबिरांत आणून वयाच्या वर्गात बसतील इतकी तयार केली आणि मग शाळेत घातली. तिथले आईबाप आमच्या कापूस वेचणाऱ्या मायपेक्षा श्रीमंत नव्हते. त्यांना शाळा मुलाला सामावून घेईल, हाकलणार नाही, याची खात्री हवी होती. ती मिळाल्यावर त्यांनी मजुरीची झळ सोसून मुलं पाठवली. २००३ साली शांता सिन्हांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गावच्या गावांनी तिथे आमच्याकडे कामावर मूल नाही असं ठरवून दाखवलं.

ते खाप्यात आणि आसपासच्या गावांत करता येईल, आणि येत्या सीतादहीच्या आधी करता येईल. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी राज्यात हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप कोयता घेऊन गेले तरी मूल गावात राहतं, जेवतं, शाळेत जातं. कापसाच्या आणि भट्टीच्या हंगामासाठी तीच सोय सावनेर तालुक्यात मागायची. बाहेरून आलेल्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड आहे की नाही ते शाळा व्यवस्थापन समितीने भट्टीवर आणि वावरात जाऊन पाहायचं, मूल शाळेत येण्याची वाट बघायची नाही. वेचाईचा दर ठरवायला शेतकरी बसतात, त्या बैठकीत एक प्रश्न ठेवायचा: हा दर एका बाईच्या दिवसभराच्या कष्टाला किमान वेतनाइतका पडतो का, की तिच्या पोरीचे हात धरून पडतो? शेतकऱ्यालाही भाव पुरत नाही, हे मला माहीत आहे. हमीभावाच्या लढाईत मी त्याच्याबरोबर आहे. पण त्याच्या तुटीची भरपाई दहा वर्षांच्या मुलीने करू नये. दर ठरवताना हे मोठ्याने म्हणणारा एक शेतकरी प्रत्येक गावात लागेल. आणि परदेशाचे फोटो दाखवणाऱ्या त्या सज्जन गृहस्थांचं स्वतःचं वावर आहे, कपाशीचं. पहिलं नाव त्यांचं यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.